गच्चीवरच्या टोमॅटोवर करपा आलाय, रोपं वाचतील का?

सोनचाफा_गच्ची
नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर ग्रो बॅगमध्ये टोमॅटो लावले आहेत. लेकीने स्वतः बी पेरून केलेली रोपं आहेत, त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव त्यांच्यात अडकलाय. झाडं कमरेएवढी झाली, हिरवी फळंही भरपूर धरली आणि नेमकं आभाळ भरून आलं. गेला आठवडाभर दिवसरात्र रिपरिप, ऊन नाहीच. तेव्हापासून पानांवर डाग पडताहेत.
बहुतेक झाडांची खालची पानं पिवळी पडून त्यावर तपकिरी गोल डाग आलेत. कठड्याच्या कोपऱ्यातल्या एका झाडाचं मात्र वेगळंच आहे. तिथे वरच्या पानांवर मोठे काळपट, तेलकट डाग आहेत, खोडावर काळा पट्टा आहे आणि दोन-तीन हिरव्या टोमॅटोंवर तपकिरी चट्टा आलाय. हा एकच रोग आहे का? घरात कडुनिंबाचं तेल आहे, ते फवारू का? काय वाचवता येईल तेवढं वाचवायचंय.

शिवारफेरी
ताई, तेल राहू द्या. आधी एक काम करा. उद्या सकाळी ऊन वर यायच्या आत गच्चीवर जा आणि त्या कोपऱ्यातल्या झाडाचं डाग पडलेलं पान उलटं करून बघा. डागाच्या कडेला, जिथे काळं संपून हिरवं सुरू होतं तिथे, बारीक पांढरी लव दिसते का? दुपारी बघू नका, ऊन-वारा लागला की ती दिसेनाशी होते. तोवर त्या झाडाला हात लावून दुसऱ्या झाडाला हात लावू नका.
आमच्याकडे जुन्नर भागात टोमॅटो हेच घरचं पीक. असं आभाळ आलं की माणसं सकाळी चहाच्या आधी प्लॉटात जाऊन पानं उलटतात.

अळूवडी
ताई, आंबट ताकात थोडा हिंग आणि खायचा सोडा घालून फवारा. माझ्या दोडक्याच्या वेलावर पानं पांढरी पडली होती, ती याने बरी झाली. घरगुती आहे, अपाय नाही.

पीकवैद्य
अळूवडी ताई, तुमच्या दोडक्यावर भुरी असणार. भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठभागावर वाढते, म्हणून सोड्याने, दुधाने, ताकाने तिच्यावर थोडाफार परिणाम होतो. करप्याची गोष्ट वेगळी आहे, तो पानाच्या आत शिरून पेशी मारतो. उशिरा येणाऱ्या करप्यावर ताक-सोड्याच्या भरवशावर राहिलात तर तेवढ्या दिवसांत सगळी गच्ची जाईल. हे मी जोर देऊन लिहितोय, कारण या रोगात वेळ फार थोडा असतो.

सोनचाफा ताईंनी जे दोन प्रकार लिहिलेत ते बहुधा दोन वेगळे रोग आहेत.

पहिला, लवकर येणारा करपा. अल्टरनेरिया नावाच्या बुरशीमुळे होतो. खालच्या, जुन्या पानांपासून सुरुवात. तपकिरी डाग, त्यात एकात एक अशी वर्तुळं, भोवती पिवळी कडा. पान पिवळं पडून गळतं आणि रोग हळूहळू वर चढतो. फळावर आलाच तर देठाकडे काळा, खोलगट, चामडी डाग पडतो. साधारण २४ ते २९ अंशांची उबदार हवा आणि मधूनमधून ओलावा त्याला मानवतो. भरपूर फळं धरलेलं, उपाशी राहिलेलं झाड याला लवकर बळी पडतं. याच्यासोबत झाड बरेच दिवस काढतं, फळंही देतं.

दुसरा, उशिरा येणारा करपा. नावावर जाऊ नका, हा पीक कोवळं असतानाही येतो. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हा याचा कर्ता. आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण शास्त्रीयदृष्ट्या ती खरी बुरशी नाही, पाण्यातल्या शेवाळवर्गीयांच्या जवळच्या गटातला जीव आहे. म्हणूनच साध्या बुरशीवर चालणारी काही औषधं याच्यावर चालत नाहीत. थंड आणि ओली हवा, साधारण १० ते २५ अंश तापमान, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि काही तास ओलं राहिलेलं पान एवढं मिळालं की हा शिरतो. पाच-सात दिवसांत नवे बीजाणू, म्हणजे रोग पसरवणारे सूक्ष्म कण, तयार, ते वाऱ्याने उडून पुढच्या झाडावर. पान गरम पाण्याने पोळल्यासारखं दिसतं. खोडावर काळे पट्टे आणि हिरव्या फळावर कडक, तपकिरी, खडबडीत चट्टा ही पक्की खूण.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडवून जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे १० लाख माणसं मेली. तो हाच रोग. बटाटा आणि टोमॅटो दोघांवर येतो.

सोनचाफा_गच्ची
शिवारफेरी दादा, सकाळी बघितलं. कोपऱ्यातल्या झाडाच्या पानांमागे पांढरी लव आहे, अगदी तुम्ही सांगितलं तशीच, डागाच्या कडेकडेने. बाकीच्या झाडांवर कुठेच नाही. त्यांच्या डागांत वर्तुळं आहेत.

शिवारफेरी
मग ते एक झाड आजच काढा. त्यावर फळं आहेत म्हणून थांबू नका. ते झाड आता बाकीच्यांसाठी रोगाचं कोठार आहे.
उपटून, हलवत, गच्चीभर फिरवत नेऊ नका. आधी मोठी प्लास्टिकची पिशवी वरून पूर्ण झाडावर घाला, खाली तोंड आवळा, मग बुडाशी कापा. पाऊस थांबून पानं जरा सुकलेली असतील अशी वेळ गाठा, पण त्यासाठी दोन दिवस थांबू नका. पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती उन्हात ठेवा, आतला पाला पुरता मरू द्या, मग कचऱ्यात. घरच्या कंपोस्टच्या डब्यात हा पाला टाकायचा नाही. कात्री स्पिरिटने पुसा, हात साबणाने धुवा आणि मगच दुसऱ्या झाडाकडे जा.
आणि शेजारच्या गच्चीवर, खालच्या मजल्यावर कुणाचे टोमॅटो-बटाटे असतील तर त्यांना आज सांगा. आमच्याकडे एकाने रोगट प्लॉट तसाच सोडून दिला की आसपासच्या सगळ्यांना भोगावं लागतं. शहरात माणसाला वाटतं आपल्याच कुंडीपुरतं आहे, पण वारा कुंडी ओळखत नाही.

हिरवाई_ठाणे
अनुमोदन. आमच्या सोसायटीत आम्ही गच्ची-बागवाल्यांचा ग्रुपच केलाय. कुणाला काही दिसलं की लगेच फोटो टाकायचा. फार उपयोग होतो.

सोनचाफा_गच्ची
झाड काढलं. लेक हिरमुसली, पण पिशवी तिनेच धरली. आता बाकीच्या झाडांचं सांगा. खालची डागाळलेली पानं काढू ना? आणि औषध मारायचंच असेल तर कोणतं?

पीकवैद्य
हो, डाग असलेली आणि मातीला टेकणारी सगळी पानं काढा. साधारण फूटभर उंचीपर्यंत खोड मोकळं राहू द्या. मात्र एकाच दिवशी झाड बोडकं करू नका, फळांवर सावली लागते, नाहीतर ऊन पडल्यावर फळं भाजून पांढरी पडतात. बगलफुटी, म्हणजे पानाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, काढा म्हणजे आतून वारा खेळेल. मातीवर वाळक्या पाल्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. लवकर येणाऱ्या करप्याचे बीजाणू मातीतल्या जुन्या काडीकचऱ्यावर राहतात आणि पावसाच्या थेंबाबरोबर उडून खालच्या पानांवर बसतात. आच्छादनाने ते शिंतोडे थांबतात. पाणी नळीने बुडाशी, सकाळी. पानांवर पाणी मारायची सवय कुणालाही असेल तर ती टोमॅटोपुरती सोडाच.

यापेक्षाही मोठा उपाय म्हणजे डोक्यावर छप्पर. चार काठ्या आणि वर पारदर्शक प्लास्टिक, बाजू पूर्ण उघड्या. शेतकऱ्याला एकरभर हे परवडत नाही, आपल्याला दहा-पंधरा कुंड्यांना सहज जमतं. पान कोरडं राहिलं तर बीजाणू रुजतच नाही. मला विचाराल तर घरच्या टोमॅटोसाठी कुठल्याही औषधापेक्षा हे आधी करा.

औषधांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड ही स्पर्शजन्य औषधं आहेत. ती पानावर थर धरून नवा बीजाणू रुजू देत नाहीत. आत शिरलेला रोग त्यांनी बरा होत नाही, पडलेला डाग पुसला जात नाही. म्हणून ती निरोगी पानांसाठी मारायची. कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूलाही पोचेल असं. वेष्टनावर टोमॅटोसाठी दिलेलं प्रमाण आणि फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही हे वाचा आणि तेच पाळा.

वांगीभात
मॅन्कोझेब घरच्या भाजीवर? माफ करा, पण बाजारातलं औषध मारलेलं नको म्हणून तर आपण गच्चीवर लावतो. युरोपीय संघाने २०२० च्या अखेरीस मॅन्कोझेबच्या मंजुरीचं नूतनीकरण नाकारलं, ते उगाच का?

पीकवैद्य
उगाच नाही. गर्भावर आणि शरीरातल्या संप्रेरकांवर होणाऱ्या परिणामांची चिंता हे त्यामागचं कारण आहे. भारतात ते अजून वापरात आहे. लहान मुलं गच्चीवर खेळत असतील तर मीही मॅन्कोझेबऐवजी तांब्याचं औषध सुचवेन. पण तांबंही निरुपद्रवी समजू नका. ते मातीत साठत जातं, म्हणून युरोपात सेंद्रिय शेतीतही त्यावर मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. कुंडीतली माती थोडी असते, तेव्हा दर आठवड्याला सवयीने तांबं ओतत राहू नका. आभाळ येणार असं दिसलं की आधी एक फवारणी, जोराच्या पावसाने धुऊन गेलं तर पुन्हा. उघाड पडली की बंद.
फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. वारा नसताना. दोरीवरचे कपडे आधी काढा, शेजाऱ्यांचेही. औषध मोजायचा चमचा स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही.

शिवारफेरी
आमच्याकडे दुकानात ‘एम-४५’ मागितलं की मॅन्कोझेब मिळतं आणि ‘ब्लू कॉपर’ मागितलं की कॉपर ऑक्सिक्लोराईड. ताई, कृषी सेवा केंद्रात गेलात तर घरी आहेत ती झाडं किती ते सांगा आणि लहानात लहान पाकीट घ्या. मेटॅलॅक्झिल मिसळलेलं, आत भिनणारं औषध कुणी हातात ठेवलं तर घरगुती बागेला घेऊ नका. पुष्कळ ठिकाणी रोग त्याला दाद देईनासा झालाय.

आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं मिश्रण, कुणी विसरू नका. घरी करता येतं, माझे वडील आजही स्वतःच करतात. त्यांची रीत देतो.
पूर्ण ताकदीचं बोर्डो एक टक्क्याचं, म्हणजे १०० लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. टोमॅटोच्या कोवळ्या पाल्याला मी अर्ध्या ताकदीने सुरुवात करा म्हणेन. एक लिटरसाठी ५ ग्रॅम मोरचूद, ५ ग्रॅम चुना. मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा, लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. चुना दुसऱ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून फोडा, तो तापतो आणि उडतो, चेहरा लांब ठेवा. थंड झाला की अर्धा लिटर करून फडक्याने गाळा. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतत काठीने ढवळत राहा. आकाशी निळं मिश्रण होतं. त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून बाहेर काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिलाय, तो पानं जाळेल. अजून चुना घाला आणि पुन्हा बघा. खिळा कोरा निघाला की वापरायला तयार.
केलेलं त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवलं तर फाटतं. दिवसभर पान सुकणारच नाही अशी ओलीकिच्च हवा असेल तर मारू नका, थोडी उघाड बघून मारा.

पीकवैद्य
उत्तम लिहिलंत. या मिश्रणाचा जन्मही रस्त्याकडेच्या द्राक्षांवर झाला. फ्रान्समधल्या बोर्डो भागात येणारे-जाणारे द्राक्षं चोरतात म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेलींना केवडा (डाउनी मिल्ड्यू हा पानांचा रोग) होत नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडलं.

थेम्सकाठ
इंग्लंडमधून लिहितेय. इथे ऑगस्ट आला की उघड्यावरच्या टोमॅटोवर हा रोग येणार असं धरूनच चालावं लागतं. घरगुती बागेसाठी करप्यावर मंजूर असलेलं एकही रासायनिक औषध इथे नाही, त्यामुळे आमचा सगळा भर हवामानावर लक्ष ठेवण्यावर आणि जातीवर.
इथे ‘हटन निकष’ म्हणून इशारा वापरतात, २०१७ पासून. सलग दोन दिवस तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त राहिली, की धोका. मोबाइलवर आर्द्रता दिसतेच. पुण्यात पावसाळ्यात हे निकष रोजच भरतील, त्यामुळे तसेच्या तसे घेऊ नका, पण आर्द्रता आणि तापमान जोडीने बघायची सवय लावून घ्यावी असं मनापासून वाटतं.
‘क्रिमसन क्रश’ आणि ‘माउंटन मॅजिक’ या जाती मी लावते. डाग पडतात, पण झाड कोसळत नाही. भारतात अशा जाती आहेत का?

पीकवैद्य
आहेत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का रक्षक’ पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तोंड देते. त्याच संस्थेची ‘अर्का अभेद’ त्यापुढे जाऊन उशिरा येणाऱ्या करप्यालाही प्रतिकार करते. दोन्ही संकरित आहेत. प्रतिकार म्हणजे रोग येणारच नाही असं नाही, पण तुम्हाला हालचाल करायला वेळ मिळतो. पावसाळ्यात गच्चीवर टोमॅटो लावायचेच असतील तर अशी जात आणि वर छप्पर, नाहीतर सरळ पाऊस संपल्यावर लागवड करा.
रोपवाटिकेतून तयार रोपं आणणाऱ्यांनीही पानं उलटून बघूनच घ्यावीत. २००९ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात मोठ्या दुकानांतून विकलेल्या रोगट रोपांबरोबर हाच करपा घरोघरच्या बागांत पोचला होता, आणि पाऊसही तेव्हा भरपूर होता.

कोथिंबीर_जुडी
माझ्या टोमॅटोचं बूड काळं पडतंय, देठाच्या विरुद्ध बाजूला. पानं चांगली आहेत. हाही करपाच का?

पीकवैद्य
नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाहीये, आणि बहुतेक वेळा कारण पाण्यातली अनियमितता असतं. कधी कुंडी कोरडीठाक, कधी तुडुंब असं होऊ देऊ नका. बुरशीनाशक मारू नका, उपयोग शून्य.

सोनचाफा_गच्ची
सगळ्यांचे मनापासून आभार. छप्पर घातलं, खालची पानं काढली, बोर्डोची एक फवारणी केली. खिळा कोरा निघाला! जुन्या पानांवरचे डाग आहेत तसेच आहेत, पण नवीन शेंड्यांवर काही नाही. फवारणीच्या आधी त्या काढलेल्या झाडावरचे चांगले दिसणारे हिरवे टोमॅटो वेगळे ठेवले होते. ते खाता येतील का? आणि त्या बॅगमधली माती?

पीकवैद्य
चट्टा नसलेलं फळ खायला हरकत नाही, हा रोग माणसाला होत नाही. धुऊन, कोरडं करून, एकमेकांना न लागता कागदात ठेवा आणि रोज बघा. चांगल्या दिसणाऱ्या फळातही रोग शिरलेला असू शकतो, तो दोन-चार दिवसांत वर येतो. डागाळलेली फळं वापरू नका, साठवणीच्या सॉस-लोणच्यात तर मुळीच नाही. रोगट भागात आंबटपणा कमी होतो आणि टिकाऊ पदार्थाला तो लागतो.

मातीचं म्हणाल, तर उशिरा येणारा करपा मेलेल्या पाल्यावर सहसा फार काळ तग धरत नाही, त्याला जिवंत झाड किंवा बटाट्याचा कंद लागतो. लवकर येणारा मात्र वाळक्या काडीवर वर्षभरही राहतो. म्हणून मुळं आणि काड्या वेचून टाका, माती उन्हात पसरा, शेणखत आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा आणि त्या बॅगेत पुढच्या खेपेला टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काहीही नको. मेथी, पालक, घेवडा लावा. कंपोस्टमध्ये आपोआप उगवलेली टोमॅटोची आणि बटाट्याची रोपं दिसली की काढून टाका.

अळूवडी
सोनचाफा ताई, हिरव्या टोमॅटोची चटणी करा. फोडी तेलावर जिऱ्याबरोबर मऊ होईपर्यंत परता, त्यातच हिरवी मिरची आणि भरपूर लसूण. भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, गुळाचा खडा, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. भाकरीबरोबर फार छान लागते. आणि ताकाचं ज्यांनी समजावून सांगितलं त्यांचे आभार, आता भुरीलाच वापरीन.

सोनचाफा_गच्ची
नक्की करते. एक शेवटचं, लेक विचारतेय. उरलेल्या चांगल्या झाडांचं बी पुढच्या वर्षी धरावं का?

पीकवैद्य
उशिरा येणारा करपा बियांतून सहसा जात नाही, लवकर येणारा जाऊ शकतो. तेव्हा डाग नसलेल्या झाडाचं, पूर्ण पिकलेलं, निरोगी फळ निवडा. गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुवा. मग ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बी २५ मिनिटं ठेवा, तापमापक लावूनच, कारण पाणी जास्त तापलं तर बी मरतं. लगेच गार पाण्यात टाकून सावलीत वाळवा. फक्त पाकिटावर संकरित लिहिलं होतं का ते तपासा. संकरित असेल तर त्याच्या बियांतून आईसारखं झाड येईलच असं नाही, लेकीला तेही सांगून ठेवा.